रात्री नऊची गोळी

आमच्या घरात रोज रात्री नऊला मोबाईलचा अलार्म वाजतो आणि जो कोणी ओट्याजवळ असेल तो "आई, गोळी" असं ओरडतो. चार वर्षं झाली याला. माझी मुलगी तर अलार्मच्या आधीच ओरडते, नवरा ऑफिसच्या कॉलवर असला तरी माईक बंद करून एकदा विचारून घेतो. ही एकच गोळी आहे जिच्यासाठी आमचं अख्खं घर घड्याळाकडं बघतं. वॉरफरिन. रक्त पातळ ठेवायची गोळी. लोक तसंच म्हणतात, खरं तर रक्त पातळ वगैरे होत नाही, गुठळी व्हायला जास्त वेळ लागतो एवढंच.

मध्यंतरी एका मैत्रिणीच्या सासूबाईंना हाच त्रास निघाला, हृदयाचे ठोके अनियमित, आणि ती मला फोनवर म्हणाली की डॉक्टरांनी सगळं सांगितलं गं पण घरी गेल्यावर नक्की करायचं काय ते कुणीच सांगितलं नाही. तिला दीड तास जे बोलले तेच इथं लिहितेय. मी डॉक्टर नाही, आईची लेक आहे, त्यामुळे डोसबिस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आईचा आजार तासगावातला, तिच्या लहानपणीचा. दहा-अकरा वर्षांची असताना घसा दुखून ताप आला, मग आज हा गुडघा सुजला, उद्या तो घोटा, आजीनं लेप लावले, महिन्याभरात सगळं गेलं आणि लोक विसरून गेले. तो संधिवाताचा ताप होता, म्हणजे घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात, झडपा नाही होत. तेव्हा पेनिसिलिन मिळालं असतं, पुढं दर २१ दिवसांनी इंजेक्शन चालू राहिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. म्हणून सांगते, लहान मुलाचा घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजायला लागले तर लेप लावत बसू नका, दाखवा.

झडप अरुंद झालीय हे कळलं माझ्या वेळी. १९८४ साली, सातव्या महिन्यात तिला आडवं झालं की धाप लागायची, सगळे म्हणायचे पहिलटकरीण आहे, होतं असं. मिरजेला दाखवल्यावर कळलं की डावीकडची झडप, मायट्रल, आवळत चाललीय. १९९९ ला मुंबईला, परळला, जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन ती झडप उघडली. त्यानंतर वीस वर्षं आईनं द्राक्षाच्या बागेत डबे पोचवले, बेदाण्याच्या शेडवर बायकांबरोबर बसली, आमची लग्नं केली. आणि २०१९ मध्ये एका संध्याकाळी म्हणाली, "छातीत कालवाकालव हुतीय गं, थांबंना झालीय." ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल. डॉक्टर मंडळी नुसतं एएफ म्हणतात.

वडील २०२० ला गेले. भाऊ बेंगळुरूला, त्याच्याकडं भाषेमुळं तिचा जीव रमेना, म्हणून २०२१ मध्ये ती माझ्याकडं पुण्याला आली, सिंहगड रोडला. लेकीच्या घरी राहायचं म्हणून तिला इतकं अवघड वाटायचं की पहिले सहा महिने तिची बॅग पलंगाखाली भरूनच होती. पाणी पण मागून घ्यायची नाही, स्वतः उठायची. गावाकडची एक मावशी फोनवर म्हणाली की पोरगा असताना जावयाच्या दारात कशाला, ते तिनं ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण पेशंट जेवला की नाही याचा त्या गोळीशी थेट संबंध असतो, ते पुढं येतंयच.

आधी नाडीचं सांगते. मला ओपीडीतल्या एका सिस्टरनं शिकवली, अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटं ठेवायची, दाबायचं नाही आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. नेहमीच्या माणसाचे पंधरा सेकंद मोजून चारनं गुणले तर चालतं, इथं नाही चालत कारण ठोक्यांना तालच नसतो. पाऊस थांबल्यावर पत्र्यावरून थेंब पडतात ना, दोन पटपट, मग काहीच नाही, मग एक, मग तीन, तसं. पहिल्यांदा बोटाला ते जाणवलं तेव्हा माझ्याच पोटात खड्डा पडला. शिवाय मनगटावर ७८ लागले तरी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजलेले ९६ असू शकतात, काही ठोके इतके हलके असतात की हातापर्यंत पोचतच नाहीत. बीपीचं ऑटोमॅटिक मशीन पण अशा नाडीला गोंधळतं, एकदा १४८ दाखवतं आणि दोन मिनिटांनी ११६. आम्ही तीनदा घेतो आणि तिन्ही लिहून ठेवतो, काय ते डॉक्टर ठरवतात.

ठोके आटोक्यात ठेवायला तिला मेटोप्रोलॉल आहे आणि थोडं डिगॉक्सिन. डिगॉक्सिन आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. आईला हे फार आवडलं होतं, गोळीला पण सुट्टी असते म्हणून. या गोळीचं लक्षात ठेवायचं म्हणजे मळमळायला लागलं, जेवण नकोसं झालं, सगळं पिवळट दिसायला लागलं तर ॲसिडिटी समजून गप्प बसायचं नाही, आणि नाडी ६० च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांना फोन, मग गोळी.

आता नऊची गोळी. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथं डाव्या बाजूला कानाच्या पाळीसारखा एक खिसा असतो, त्यात रक्त साचून राहतं, साचलं की गुठळी होते आणि ती सुटली की बऱ्याचदा मेंदूकडं जाते. एएफमध्ये पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो आणि झडप अरुंद असली तर त्याहून कितीतरी जास्त. हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, तो कागद अजून माझ्याकडं आहे. गोळी जास्त झाली तर रक्तस्राव, कमी झाली तर गुठळी, म्हणून आयएनआर नावाची रक्ताची तपासणी. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो, आईचा २ ते ३ मध्ये राहायला हवा. गोळी रात्री द्यायचं कारण हेच, सकाळी रक्त दिलं की संध्याकाळपर्यंत रिपोर्ट येतो आणि डोस बदलायचा असेल तर त्याच रात्री बदलता येतो.

समोरच्या काकूंनी आईला सांगितलं की अहो हे उंदराचं औषध आहे. आई घाबरून माझ्याकडं आली. मी शोधून बघितलं तर खरंच आहे ते. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेला गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली, सडलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाऊन. त्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, त्यावरून वॉरफरिन बनलं, १९४८ मध्ये ते उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी. १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर हेच दिलं होतं. आईला एवढं सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजी गुरांमुळं कळलं म्हण की." तिच्या घरी कायम म्हशी होत्या. त्यानंतर तिनं या गोळीबद्दल कधी कुरकुर केली नाही.

मेथीचं प्रकरण मात्र माझ्यामुळं झालं. कुठंतरी वाचलं की पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं, झालं, मी मेथी, पालक, शेपू, तांदुळजा, अळू सगळं बंद केलं. कोथिंबीरसुद्धा. सांगली भागातल्या बाईला मेथी आणि भाकरी बंद म्हणजे जेवणच बंद. ती बोलायची नाही, अर्ध्या भाकरीवर उठायची. आणि मी दुपारी कामावर गेले की वॉचमनच्या बायकोकडून जुडी आणवून एकटीच करून खायची, कधी दोन दिवस सलग, कधी दहा दिवस नाही. आयएनआर एका महिन्यात ३.९, पुढच्या महिन्यात १.६, डॉक्टर डोस वाढवतायत, कमी करतायत, कुणालाच कळेना काय चाललंय. शेवटी ओपीडीत आईनं स्वतःच सांगून टाकलं, खाली मान घालून, चोरी केल्यासारखं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ६३ वर्षांची माझी आई माझ्या घरात लपून भाजी खात होती.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, खाऊ द्या की. मग त्यांनी समजावलं की लिव्हर के जीवनसत्त्व वापरून रक्त गोठवणारी द्रव्यं बनवतं, गोळी त्याला अडवते, म्हणजे भाजी एका पारड्यात आणि गोळी दुसऱ्या. भाजी रोज साधारण तेवढीच असेल तर त्याप्रमाणे गोळी बसवता येते. रोज एक वाटी ठरवा आणि ती मोडू नका. तेव्हापासून आमच्याकडं रोज एक वाटी पालेभाजी, स्टीलची ठरलेली वाटी आहे. भाद्रपदात, ऋषिपंचमीला जिथं अळूची पानं, लाल माठ असं सगळं एकत्र शिजतं तिथंही तीच वाटी. आणि नवरात्राचे नऊ दिवस ती आता धरत नाही, उठता-बसता करते, कारण उपासात खाणं एकदम कमी झालं की आयएनआर वर जातो. हे तिनं स्वतः ठरवलं, मी काही बोलले नव्हते.

कॅलेंडरची आयडिया पण तिचीच. मी आधी मोबाईलवर ॲप टाकलं होतं, मग एक्सेल शीट, तिला त्यातलं काही दिसायचं नाही आणि मला भरायला जमायचं नाही. एक दिवस ती म्हणाली की दुधाचा हिशेब मी चाळीस वर्षं कालनिर्णयवर लिहितेय, एक दिवस चुकला नाही. तेव्हापासून चौकटीत वरच्या कोपऱ्यात दूध, खाली गोळी. सोम-बुध-शुक्र एक डोस, बाकीचे दिवस वेगळा, गोळी घेतली की बरोबरची खूण. आयएनआरचा आकडा लाल पेनानं. डॉक्टरांकडं जाताना आम्ही पान मोबाईलमध्ये फोटो काढून नेतो आणि ते ते बघून खूश होतात. गोळी विसरली आणि त्याच रात्री आठवलं तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, चौकटीत फुली मारायची. फुली मारायला लाजायचं नाही असं आमचं ठरलंय.

बाहेरच्या गोळ्यांचं एक सांगते भरभर. अंगदुखीला कॉम्बिफ्लामसारखं काही परस्पर द्यायचं नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. एकदा जुलाबांसाठी जवळच्या दवाखान्यातून मेट्रोनिडाझोल दिलं, मी वॉरफरिनचं सांगायला विसरले, त्यांनी विचारलं नाही, पाच दिवसांत आयएनआर ६.८ आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. गोळी थांबवून, के जीवनसत्त्व देऊन खाली आणला. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये आणि माझ्या पर्समध्ये एकेक कार्ड असतं, कुठल्याही डॉक्टरसमोर, अगदी डोळ्याच्या सुद्धा, बसलं की आधी ते ठेवायचं.

आणि आता ते, जे लिहायला मला दोन वर्षं लागली.

डिसेंबर २०२२. आईची दाढ काढायची होती. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस आधी बंद करा आणि मी केली. हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करायचा तो केला नाही, ऑफिसात वर्षअखेरीची घाई होती आणि वाटलं एवढ्याशा दाढेसाठी काय विचारायचं. दाढ निघाली, छान झालं, दोन दिवस अजून गोळी नको म्हणाले, तेही ऐकलं. सातव्या दिवशी सकाळी आई चहा पीत होती. ती चहा बशीतूनच पिते. मी समोर भाजी निवडत होते आणि बघितलं तर उजव्या हातातली बशी तिरकी झालीय, चहा सगळा साडीवर सांडतोय, गरम चहा, आणि तिला कळतच नाहीये. मी "आई" म्हणलं. तिनं माझ्याकडं बघितलं, ओठ एका बाजूला ओघळला होता, आणि ती काहीतरी बोलली ते शब्दच नव्हते.

नवऱ्यानं १०८ ला फोन लावला, मग थांबायला नको म्हणून आमचीच गाडी काढली. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दहा मिनिटांत, हॉस्पिटलच्या अलीकडच्या सिग्नलला, ती एकदम स्पष्ट म्हणाली, "साडी बदलायची राहिली." मी तिथं जी रडले ती हॉस्पिटलात पोचेपर्यंत.

टीआयए होता, म्हणजे थोड्या वेळात आपोआप ओसरणारा पक्षाघाताचा झटका. गुठळी मेंदूच्या शिरेत अडकली आणि आपली आपण विरघळली. आयएनआर १.२. सीटी स्कॅन स्वच्छ आला, दोन दिवस ॲडमिट, गोळीचा परिणाम परत जमेपर्यंत पोटात इंजेक्शनं, कारण ही गोळी आज घेतली तर नीट परिणाम व्हायला चार-पाच दिवस जातात. नंतर कळलं की आयएनआर नीट असेल तर साध्या दाढेसाठी ही गोळी सहसा बंद करतच नाहीत, तिथंच रक्त थांबवायचे उपाय असतात, आणि बंद करायचीच असेल तर ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. एक फोन होता फक्त. आई मला कधीच काही बोलली नाही त्याबद्दल, उलट नातेवाईकांना सांगताना "माझीच गोळी राहिली" असं सांगते, मी खोडून काढते, ती परत तसंच सांगते.

आमच्या फ्रिजवर तेव्हापासून एक कागद आहे. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं, बरं वाटलं तरी निघायचं, घड्याळ बघून वेळ लिहायची, शेवटचं ठणठणीत कधी बघितलं ते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि वॉरफरिनवर असलेल्या माणसाला ते द्यायचं की नाही हे आयएनआरवर ठरतं, म्हणून शेवटचा आकडा त्याच कागदावर. चोवीस तास सीटी आणि मेंदूचे डॉक्टर कुठल्या हॉस्पिटलात आहेत हे आम्ही आधीच जाऊन विचारून आलो. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिला पण पाठ आहे.

भावानं नंतर विचारलं की आता नवीन गोळ्या आल्यात, तपासण्यांची कटकट नाही, त्या का नाही देत. बरोबर प्रश्न होता, मी डॉक्टरांना विचारला. नुसतं एएफ असलेल्या पुष्कळ लोकांना त्या नवीन गोळ्या चांगल्या आहेत, पण आईसारखी संधिवाताच्या तापानं आवळलेली झडप असेल तर नाही. २०२२ मध्येच इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास आला, दिल्लीच्या एम्सचे गणेशन कार्तिकेयन त्यात पुढं होते, चोवीस देशांतले साडेचार हजार पेशंट, बहुतेक आपल्यासारख्याच देशांतले. निम्म्यांना नवीन रिव्हारॉक्झाबॅन, निम्म्यांना आयएनआर बघत जुनी गोळी. जुन्या गोळीवाल्यांत मृत्यू कमी झाले. म्हणजे आमची नऊची गोळी राहणारच आहे.

टीआयएनंतरचं वर्ष माझं वाईट गेलं. आईपेक्षा माझं. रात्री दोनदा उठून तिचा श्वास बघायचा, दिवसातून पाच-सहा वेळा नाडी, ऑफिसच्या जिन्यातून फोन करून तिला बोलायला लावायचं, जीभ अडखळतेय का बघायला. तिच्या लक्षात येत होतं सगळं. एकदा टीव्ही बघताना मी परत तिचं मनगट धरलं तेव्हा तिनं हात काढून घेतला नाही पण म्हणाली, "तू हात धरतीस तवा घड्याळाकडं बघतीस. माझ्याकडं कवा बघतीस?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं, खूप वेळ बोललो. मग डॉक्टरांना विचारून ठरवलं, नाडी सकाळी एकदाच, गोळ्यांच्या आधी, बाकी धडधड वाढली किंवा चक्कर आली तरच. ती सकाळची पण आता तीच मोजते, मुलगी समोर घड्याळ घेऊन बसते. रात्री उठणं बंद व्हायला मला अजून चार महिने लागले. खोटं सांगत नाही, अजूनही कधीतरी उठते.

पलंगाखालची बॅग कधी रिकामी झाली ते मला कळलंच नाही, दिवाळीची साफसफाई करताना दिसली, आत नुसत्या डांबराच्या गोळ्या.

या आठवड्यात ती तासगावला गेलीय, एकटी, आठ दिवस. भाचीचं डोहाळजेवण आहे. मी आधी नाही म्हणणार होते. मग आयएनआर केला, २.४ आला, गोळ्यांचं पाकीट, कार्ड, फ्रिजवरच्या कागदाची झेरॉक्स, तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं, सगळं झालं. जाताना तिनं कालनिर्णयचं चालू महिन्याचं पान काढून घडी करून पर्समध्ये घातलं, इथं भिंतीवर आता पुढचा महिना दिसतोय. रोज रात्री मामेबहिणीच्या फोनवरून त्या दिवसाच्या चौकटीचा फोटो येतो.

आज नऊ वाजून गेले, फोटो नाही. सव्वानऊ. मी फोन हातात घेऊन बसले होते, लावला नाही. नऊ वीसला आला. बरोबरची खूण आहे आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, मेथी, एक वाटी, वाटी इथली जरा मोठी आहे.